मक्याची बाहुली आणि ऐकणारे हात

(दृश्य : पसरट भांड्यात कोमट पाणी. त्यात मक्याच्या कणसावरची वाळलेली पाने भिजत आहेत.)

कणीस सोलल्यावर आपण जी पाने टाकून देतो, ती वाळली की नुसत्या बोटानेही चिरतात. कोमट पाण्यात दहा मिनिटे राहिली, की मात्र कापडासारखी लवतात. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या या वर्गात आज याच पानांची बाहुली करता करता इंग्रजीचा श्रवणपाठ व्हायचा आहे. टेबलाभोवती बसलेले विद्यार्थी प्रौढ आहेत. निरनिराळ्या देशांतून इथे कायमचे राहायला आले आहेत. नवागतांसाठीचे हे भाषावर्ग कॅनडाचे केंद्र सरकार १९९२ पासून आपल्या खर्चाने चालवते. तिथे भाषेची पातळी बारा पायऱ्यांच्या मापाने ठरते, आणि साध्या, छोट्या सूचना ऐकून समजणे ही त्यातल्या अगदी सुरुवातीच्या पायऱ्यांवरची अपेक्षा असते.

ध्वनिफीत ऐकून योग्य चित्रावर खूण करा, अशा परीक्षेत अंदाजाने मारलेली खूणही बरोबर ठरू शकते. हातात वस्तू घडत असली, की अशी लपवाछपवी चालत नाही. सूचना चुकीची ऐकली, तर बाहुलीची मान कमरेला येते आणि ती चूक शिक्षिकेच्या आधी विद्यार्थ्यालाच दिसते. ऐकलेल्या आज्ञेला आधी शरीराने उत्तर द्यावे आणि बोलणे मागाहून यावे, ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६०च्या दशकात मांडली. ऊठ, बस, दार उघड अशा आज्ञांवर ती पुष्कळ वर्गांत चालते. पण मोठ्या माणसांना विनाकारण उठबस करायला लावण्यापेक्षा त्यांच्या हाती काही काम देणे मला अधिक सभ्यपणाचे वाटते.

(दृश्य : हात जवळून. पाच-सहा पानांची जुडी, दोरा.)

शिक्षिका एकेक सूचना दोनदाच देतात आणि स्वतःचे हात मुद्दाम टेबलाखाली ठेवतात. जुडी वरच्या टोकाशी बांधा. पाने उलटी फिरवून गाठीवरून खाली दुमडा. पुन्हा दोरा बांधा. झाले डोके आणि मान. एका पानाची गुंडाळी करून ती मानेखाली आडवी घाला, हे हात.

मुलाकडे राहायला आलेल्या एक मराठी आजी इथे अडखळतात. त्यांना शब्द ओळखीचे आहेत; त्यांचा क्रम त्यांना फसवतो. मराठीत ‘पान खाली दुमडा’ म्हणताना काय करायचे ते शेवटी येते, आणि ते येईपर्यंत थांबायची कानाला सवय असते. इंग्रजीत ‘फोल्ड’ सर्वांत आधी येऊन गेलेले असते. तीच गत ‘मानेखाली’ची: आपल्याकडे आधी मान, मग खाली, तिकडे आधी ‘अंडर’, मग ‘नेक’. त्यामुळे आजींची पहिली गुंडाळी मानेवर बसते. दुसऱ्या वेळी त्या ‘अंडर’ ऐकताच अंगठा मानेच्या खाली टेकवून ठेवतात आणि उरलेल्या वाक्याची वाट पाहतात.

(दृश्य : तयार बाहुल्या. एकीलाही चेहरा नाही.)

ही बाहुली उत्तर अमेरिकेचे मूळ रहिवासी असलेल्या हॉडेनोशोनी लोकांची, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांच्या संघाची. ब्रँटफर्ड शहराजवळ, ग्रँड नदीकाठी, त्यांची मोठी वसाहत आहे. मका, घेवडा आणि भोपळा या एकत्र लावल्या जाणाऱ्या पिकांना ते तीन बहिणी म्हणतात. त्यांच्या घरांतून अशी गोष्ट सांगतात, की मुलांशी खेळण्यासाठी घडवलेली एक सुंदर बाहुली पाण्यात स्वतःचे रूप पाहून हरखली, मुलांना विसरली, आणि समज देऊनही सुधारेना, तेव्हा विधात्याने तिचा चेहरा काढून घेतला. म्हणून डोळे रंगवायला उचललेले पेन शिक्षिका हळूच खाली ठेवायला सांगतात. ही सूचना मात्र सगळ्यांना एकदाच सांगून कळते.

याच पानांचे मुखवटेही हॉडेनोशोनी विणतात. ते विधींचे आहेत, त्यांचे प्रदर्शन आणि विक्री त्यांना मान्य नाही. वर्गात करायची ती बाहुलीच. हस्तकलेच्या नावाखाली हा फरक पुसणारे धडे मी पाहिले आहेत. त्यापेक्षा कागदी होड्या केलेल्या बऱ्या.

मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडणाऱ्या कॅनडातल्या निवासी शाळांच्या इतिहासाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये कृतीची ९४ आवाहने केली. नवागतांना दिल्या जाणाऱ्या माहितीत आणि नागरिकत्वाच्या परीक्षेत मूळ रहिवाशांचा इतिहास अधिक सर्वसमावेशकपणे यावा, हे त्यांतले ९३वे. इंग्रजीची चार वाक्ये येणाऱ्या माणसाला तो इतिहास लगेच वाचता येणार नाही. मोहॉक हे नाव ऐकून ओळखणे त्याला आजच जमते.

(दृश्य : शिक्षिका खुर्चीवर. सूचना आता विद्यार्थी देत आहेत.)

आजींची पाळी येते. त्या ठामपणे सांगतात, ‘टाय द वेस्ट’. त्यांना कंबर म्हणायची आहे. पण मराठीतला एकच ‘व’ इंग्रजीतल्या डब्ल्यू आणि व्ही या दोन्ही उच्चारांचे काम करतो, आणि शेजारच्या गृहस्थांना बिनबाह्यांचे जाकीट ऐकू येते. हिवाळी कपड्यांचा धडा नुकताच झालेला. ते एक रुंद पान निवडतात, बाहुलीच्या छातीवर गुंडाळतात आणि समोर नीट गाठ मारतात. आजी पाहतात, हसतात, कमरेवर हात ठेवून ओठांचा चंबू करतात आणि शब्द पुन्हा म्हणतात. गृहस्थ मान डोलावून कमरेलाही दोरा बांधतात. जाकीट कोणी काढत नाही.