संत्र्याचा केक: अंड्याची जागा भरायचीच कशाला?

नमस्कार मंडळी. बाहेर फलकावर लिहिलंय, ‘अंडं आणि दूध न घालता संत्र्याचा केक’. कृती सांगणारच आहे, ग्रॅममध्ये सांगणार आहे, लिहून घ्यायला कागद काढून ठेवा. पण आधी एका तक्त्याबद्दल बोलू द्या. तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. एका अंड्याऐवजी पाव कप दही, किंवा अर्धं केळं, किंवा जवसाची पूड पाण्यात भिजवून, किंवा तीन चमचे काबुली चण्याचं पाणी. कुणाकुणाच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे? बघा, निम्मे हात वर गेले.

माझी तक्रार या तक्त्याशी आहे. अंडं केकमध्ये एक काम करत नाही, चार करतं. फेटलं की हवा धरून ठेवतं. त्याच्या पिवळ्या बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकत्र ठेवतं. भट्टीत त्यातलं प्रथिन घट्ट होऊन केकचा सांगाडा उभा करतं. आणि अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असल्यामुळे ओलावाही देतं. आता सांगा, केळं यातलं काय करतं? ओलावा देतं, थोडं बांधून ठेवतं, बस्स. वर स्वतःचा वास असा सोडतं की संत्र्याचा मागमूस राहत नाही. जवसाचा लगदा बिस्किटात छान काम करतो, कारण तिथे फक्त बांधणं हवं असतं. हलक्या केकमध्ये तो घातला की मधला भाग चिकट, डिंकासारखा होतो आणि आपण ओव्हनला दोष देतो. चण्याचं पाणी फेटल्यावर सुंदर फुगतं, मेरिंगसाठी, म्हणजे साखर घालून फेटून भाजलेल्या फेसासाठी, ते खरंच उत्तम आहे. पण तेल मिसळलं की तो फेस बसतो.

आणि दही? दह्याचा केक चांगला होतो, हे मी नाकारत नाही. आपल्याकडच्या बेकरीतला ‘एगलेस’ केक बहुतेक वेळा दह्यावर नाहीतर कंडेन्स्ड मिल्कवरच उभा असतो. म्हणजे अंडं काढलं आणि दूध दुप्पट केलं! ज्याच्या घरी मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्याला त्या ‘एगलेस’ पाटीचा काय उपयोग? हिरवा ठिपकासुद्धा फक्त शाकाहारी एवढंच सांगतो, दूध त्यात बसतं. मार्गारिनच्या पाकिटावर बारीक अक्षरात दुधाचे घनपदार्थ लिहिलेले असू शकतात. ‘लॅक्टोज फ्री’ दुधात दुधाचं प्रथिन जसंच्या तसं असतं, तेव्हा अ‍ॅलर्जी असलेल्याला ते चालत नाही. अशा घरासाठी केक करायचा असेल तर पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा.

आता दह्याचा केक का फुगतो, इकडे लक्ष द्या. दह्यातलं आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. फुगवण्याचं काम तो वायू करतो. म्हणजे हवं होतं ते आम्ल, दही नव्हे. आणि आपण नागपुरात बसलोय! ज्या फळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आम्लानं भरलेलं फळ टोपलीत ठेवून आपण दह्याचं भांडं शोधतो.

ही युक्ती फार जुनी आहे, आणि तिच्यामागची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता रसायनतज्ज्ञ होता. त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, अंडं सोसत नसे. कस्टर्ड मात्र तिला आवडायचं, आणि त्या काळी कस्टर्ड म्हणजे अंडं आलंच. तेव्हा या गृहस्थानं 1837 मध्ये मक्याच्या पिठाला, म्हणजे कॉर्नफ्लोअरला धरून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं. तुमच्या आमच्या फडताळात फ्रूट कस्टर्डसाठी जो पिवळ्या पावडरीचा डबा असतो, तो त्याचाच वंशज. बाईंना यीस्टही चालत नसे, म्हणजे पावही गेला. म्हणून 1843 मध्ये त्यानं सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर बनवली. पाणी लागलं की वायू सुटणार. नवऱ्यानं बायकोसाठी काय काय करावं याची यादी काढली तर हे मी बरंच वर ठेवीन. आज ‘एगलेस’ म्हणून जे बेकिंग पावडरवर फुगतं त्याच्या मुळाशी ही एक न सोसणारी प्रकृतीही आहे.

बर्डच्या कस्टर्डमधून अंडं गेलं, दूध राहिलं. दूध, लोणी, अंडं तिन्ही एकदम काढून केक करायची वेळ अमेरिकेत आली. पहिल्या महायुद्धात मनुके उकळून केक होत, आणि 1930 च्या मंदीत कोको, तेल, सोडा आणि व्हिनेगरचा एक केक घरोघरी रुळला. ‘वॅकी केक’ म्हणतात त्याला. त्यात अंड्याचा पर्याय म्हणून काहीही नाही. सांगाडा मैद्यातलं ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन आणि भट्टीत फुललेला स्टार्च मिळून उभा करतात, फुगवतो सोडा, ओलावा धरतात साखर आणि तेल. माझा आग्रह एवढाच आहे की तिथला व्हिनेगर आणि पाणी काढा आणि दोन्हीच्या जागी संत्र्याचा रस घाला.

आता हिशेब. एक ग्रॅम सोडा पूर्ण वापरला जायला साधारण पाऊण ग्रॅम सायट्रिक आम्ल लागतं. संत्र्याच्या रसात हे आम्ल शेकडा अर्ध्या ते पाऊण ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे 220 मिलिलिटर रसात एक ते दीड ग्रॅम. अर्धा छोटा चमचा सोडा साधारण अडीच ग्रॅम भरतो, त्याला जवळपास दोन ग्रॅम आम्ल हवं. कमी पडलं ना? म्हणून एक मोठा चमचा लिंबाचा रस. त्यातून पाऊण ग्रॅमच्या वर आम्ल येतं. आंबिया बहराची, म्हणजे पावसाळ्यानंतर येणाऱ्या हंगामाची, सुरुवातीची आंबट फळं असतील तर हा लिंबाचा चमचा थोडा जास्तच होतो, पण थोडं आंबट राहिलेलं संत्र्याच्या केकला शोभतं. मृग बहराचं, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर येणारं, गोड फळ असेल तर लिंबू टाळूच नका. आम्ल कमी पडलं की उरलेला सोडा केकला साबणासारखी चव देतो आणि वरचा भाग गडद तपकिरी करतो.

सोडा उरलाय की नाही हे बघायची एक सोपी खूण आहे. रंगासाठी बरेच जण चिमूटभर हळद घालतात. हळद क्षारात लाल होते. कापलेल्या केकमध्ये पिवळ्यावर लाल ठिपके दिसले तर तिथे सोड्याची गुठळी राहिली होती, चाळला नव्हता. सगळाच केक लालसर असेल तर सोडा जास्त पडला नाहीतर आम्ल कमी पडलं.

मागून प्रश्न आलाय, ‘आमचा केक कडू होतो’. हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे, वेळ गेला तरी चालेल. नागपुरी संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड असतो आणि ठेवला की कडवट होतो, हे इथे रस विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फोडीच्या पापुद्र्यात एक बेचव द्रव्य असतं. पापुद्रा चिरडला की ते रसात उतरतं आणि रसातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं. लिमोनिन कडूजहर. तापवलं की हे आणखी लवकर होतं. बियांमध्ये तर ते भरलेलंच असतं. म्हणून मिक्सर नको, बिया फुटतात. फोडी चाळणीवर हातानं हलकेच दाबून रस काढा, लगेच गाळा आणि लगेच वापरा. सकाळी काढून ठेवलेला रस दुपारी केकात घालू नका. रस आटवून ‘जास्त फ्लेवर’ आणायच्या फंदात तर पडूच नका.

मग वास कुठून आणायचा? सालीतून. संत्र्याचं तेल सालीच्या नारिंगी थरातल्या ठिपक्यांत असतं, रसात फार थोडं. आता परदेशी कृती म्हणते, फळ किसणीवर घासा. त्यांचं ऑरेंज कडक सालीचं असतं. आपलं संत्रं सुट्या, मऊ सालीचं, किसणीखाली साल दबते आणि खालचा पांढरा भागही येतो. त्यापेक्षा साल काढून पाटावर उलटी ठेवा, चमच्याच्या कडेनं आतला पांढरा थर खरवडा, उरलेली पातळ नारिंगी साल सुरीनं अगदी बारीक चिरा. ती साखरेत टाकून बोटांच्या पेरांनी चोळा, दोन-तीन मिनिटं. साखरेचे दाणे तेलाच्या पिशव्या फोडतात. साखर ओलसर, फिकट नारिंगी झाली आणि खोलीभर वास आला की झालं. इसेन्सची बाटली उघडावी लागत नाही. साल आधी धुऊन, चोळून पुसलेली असू द्या, बाजारातल्या फळावर कधी मेणाचा थर असतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं. बरं, कृती घ्या.

मैदा 180 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 20 ग्रॅम, बारीक साखर 150 ग्रॅम, दोन संत्र्यांची चिरलेली साल, तेल 80 मिलिलिटर, ताजा गाळलेला रस 220 मिलिलिटर, लिंबाचा रस एक मोठा चमचा, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा सपाट, मीठ पाव चमचा. फळं म्हणून टुटीफ्रुटी 60 ग्रॅम आणि काळे मनुके 40 ग्रॅम. सात इंची गोल डबा. काटा नसेल तर मैदा चाळून मग 240 मिलिलिटरच्या कपात चमच्यानं भरा, दीड कप होतो. कप पिठात खुपसून भरलात तर पीठ सहज पाचवा हिस्सा जास्त येतं आणि केक कोरडा होतो. चहाचा कप वेगळा, आमटीची वाटी वेगळी, त्यांनी मोजू नका. तेल सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रानचं. घाण्याचं शेंगदाणा तेल वासाला जड पडतं.

ओव्हन 170 अंशांवर आधी तापू द्या, डब्यात बटर पेपर लावून ठेवा. ही तयारी आधी, कारण मिश्रण थांबवता येत नाही. सोडा रसाला भेटला की वायू सुटायला लागतो आणि अंड्याचा फेस नसल्यामुळे तो धरून ठेवणारं फार काही नसतं. ओट्यावर पंधरा मिनिटं राहिलेलं मिश्रण खाली गच्च थर देतं. साल चोळलेली साखर, रस, लिंबू आणि तेल एक मिनिट जोरात फेटा, तेलाचे डोळे दिसेनासे होईपर्यंत. कोरडं सगळं दोनदा चाळा. त्यातला एक चमचा मैदा फळांना लावून ठेवा. कोरड्यात ओलं ओता आणि व्हिस्कनं फक्त पीठ दिसेनासं होईपर्यंत फिरवा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. फेटत बसलात तर ग्लुटेन ताणलं जातं आणि केक रबरासारखा होतो. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा थोडं सैल हवं. अर्धी फळं आत, अर्धी वरून. पातळ मिश्रणात फळं बुडतातच, मैदा लावून थोडाच फरक पडतो, तुकडे लहान करण्यानं जास्त. ताज्या फोडी आत घालू नका, पाणी सोडून ओले खड्डे करतात.

40 ते 45 मिनिटं. पहिली 30 मिनिटं दार उघडू नका, स्टार्च बसायच्या आत गार हवा लागली की मध्य खचतो. दूध-अंडं नसल्यामुळे वरचा रंग फिकट राहतो, त्यावरून कच्चा समजू नका. मध्ये काडी घालून बघा, कोरडी आली की काढा. डब्यात दहा मिनिटं, मग जाळीवर. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नका. अंडं नसलेला केक गरम असताना चुरा होतो. वरून हवा असेल तर 50 मिलिलिटर रसात दोन चमचे साखर फक्त विरघळण्यापुरती कोमट करून ब्रशनं लावा. दुसऱ्या दिवशी चव जास्त चांगली लागते. फ्रीजमध्ये चार दिवस राहतो आणि तेलाचा असल्यामुळे लोण्याच्या केकसारखा कडक होत नाही.

कणकेचा करायचा असेल तर निम्मा मैदा ठेवा. चक्कीच्या पिठातला स्टार्च दळताना बराच फुटलेला असतो, तो पाणी जास्त ओढतो, म्हणून रस दोन-तीन चमचे वाढवा.

कुकरवाल्यांसाठी, उठता उठता: पाच लिटरचा तरी कुकर घ्या, शिट्टी आणि रिंग दोन्ही काढा. तळाशी दीड कप जाडं मीठ, त्यावर जाळी. झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, डबा ठेवा, मग मंद आचेवर 45 ते 50 मिनिटं. आत पाणी घालायचं नाही. डब्याची कड कुकरला टेकू देऊ नका, तिथे करपतो. ते मीठ भाजीत वापरू नका, बरणीत भरून पुढच्या केकसाठी ठेवा.