सगळे देव बंद केलेला देश

हे समोर दिसतंय ते श्कोडर शहरातलं कॅथेड्रल. युरोपातल्या अल्बेनियाच्या उत्तरेला. आज इथे प्रार्थना चालू आहे, मेणबत्त्या आहेत, पण सत्तरच्या दशकात आला असता तर इथे मॅच बघायला मिळाली असती, कारण सरकारने या कॅथेड्रलचा चक्क स्पोर्ट्स हॉल करून टाकला होता.

इथे यायचं कारण म्हणजे तो आपला नेहमीचा वाद. धर्मामुळे रक्त सांडतं की धर्म सोडल्यामुळे? एक जण धर्मयुद्धं काढतो, फाळणी काढतो, दुसरा लगेच स्टालिन, माओ, पोल पॉट असे नास्तिक हुकूमशहा, आणि दोघंही आपापल्या सोयीची मढी मोजत बसतात. अल्बेनिया महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहून लहान, पण इथल्या लोकांनी एकाच आयुष्यात दोन्ही बघितलंय.

आधी जुनी गोष्ट. या डोंगरांत शेकडो वर्षं कानून चालायचा. शब्द तोच, आपल्या कायदेकानूनमधला, तुर्कांबरोबर तिकडेही पोचलेला. पंधराव्या शतकातल्या लेक दुकाजिनी या सरदाराच्या नावाने तो ओळखला जातो. पाहुण्याचा मान कसा ठेवायचा, बांध कुठे घालायचा, सगळं त्यात आहे आणि खुनाचा बदला खुनाने कसा घ्यायचा तेही. म्हणजे नियम बघा: मारल्यावर मेलेल्याला उताणं करायचं, त्याची बंदूक त्याच्या डोक्याशी ठेवायची, घरच्यांना निरोप पाठवायचा, मग ते २४ तासांचा बेसा म्हणजे अभयाचा शब्द देतात आणि त्या अभयावर मारणारा स्वतः अंत्ययात्रेला जातो, तिथे जेवतोसुद्धा! अभय संपलं की पुढचा नंबर त्याच्या घरातल्या पुरुषाचा.

उत्तरेत कॅथलिक जास्त, मुसलमानही आहेत, आणि कानून दोघंही पाळायचे. चर्च क्षमा शिकवायचं, पाद्री मध्यस्थी करायचे, थांबलं मात्र नाही. गंमत म्हणजे हे तोंडी नियम गावोगाव फिरून लिहून काढले ते एका फ्रान्सिस्कन पाद्र्यानेच, श्त्येफेन ग्येचोवी यांनी. १९२९ मध्ये त्यांचाही खून झाला.

बेसाची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा आल्या तेव्हा इथल्या लोकांनी, त्यात बहुसंख्य मुसलमान, ज्यूंना घरात लपवलं. आपल्या दारात आलेला तो आपला, बस. युद्ध संपलं तेव्हा अल्बेनियात ज्यू आधीपेक्षा जास्त होते. युरोपात असं जवळपास कुठेच घडलं नाही.

मग आले एन्व्हर होजा. कम्युनिस्ट, १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत सत्तेत. १९६७ मध्ये, चीनच्या सांस्कृतिक क्रांतीचं वारं होतंच, त्यांनी धर्मच बंद करून टाकला. मशिदी, चर्च, मठ, दर्गे मिळून २,१६९ जागांना टाळं, काही पाडल्या, काहींची गोदामं. १९७६ च्या घटनेत लिहूनच टाकलं की हे राष्ट्र कुठलाही धर्म मानत नाही. श्त्येफेन कुर्ती नावाच्या वयस्कर पाद्र्याने लेबर कॅम्पमध्ये गुपचूप एका बाळाचा बाप्तिस्मा केला, त्यांना गोळ्या घातल्या. आणि कोलकात्यात जगाला माहीत झालेल्या मदर तेरेसा, मूळ अल्बेनियन, त्यांची आई राजधानी तिरानात वारली तरी त्यांना देशात पाऊल ठेवू दिलं नाही. त्या आल्या १९८९ मध्ये, कबरीवर फुलं वाहायला.

म्हणजे नास्तिकता हिंसक, असंच ना? थांबा जरा. होजांच्या राजवटीत पाच-सहा हजार माणसं मारली गेली, आणि त्यात पाद्री-मौलवी होते तसे पक्के नास्तिक कॉम्रेडही होते, संरक्षणमंत्री बेचिर बालुकूंना १९७५ मध्ये उडवलं. देव मानणं हा काही बालुकूंचा गुन्हा नव्हता. माझं मत विचाराल तर होजांनी देव हटवले ते त्या खुर्चीवर स्वतः बसायला, आणि विरोधात बोलेल असं कोणीच उरू द्यायचं नव्हतं, देवळातलं असो नाहीतर पक्षातलं.

नोव्हेंबर १९९० मध्ये इथल्याच, श्कोडरच्या स्मशानात पहिली जाहीर प्रार्थना झाली, पाठोपाठ मशीदही उघडली. देव परत आले, तर शांतता आली का? १९९७ मध्ये देशात आगडोंब उसळला, पण कशावरून, तर चिटफंडासारख्या पैसे दामदुप्पट करणाऱ्या स्कीम बुडाल्या म्हणून. घरं विकून, गुरं विकून लोकांनी पैसे टाकलेले. लष्कराची कोठारं फोडून लाखो बंदुका पळवल्या, सुमारे २,००० लोक मेले, आणि गोळी झाडताना कोणी कोणाला धर्म विचारला नाही.

याच काळात कानूनही परतला. होजांनी तो दहशतीने दाबला होता, दहशत गेली, आणि कोर्ट-पोलिसांवर कोणाचा भरवसा नव्हता, मग आजोबांच्या काळातली वैरं उकरून निघाली. घराच्या आत मारत नाहीत हा नियम, म्हणून पुरुष घरातच कोंडून घेतात. मुलांना मारू नये असंही कानून सांगतो, पण नव्या पोरांना बदल्यापुरताच कानून पाठ, त्यामुळे मुलांची शाळाही सुटते. अशी घरं किती, तर सरकार एक आकडा सांगतं, संस्था दुसरा.

शेजारच्या कोसोव्होत, तिथेही बहुतेक अल्बेनियनच, मात्र वेगळंच घडलं. लोकसाहित्याचे प्राध्यापक अंतोन चेट्टा, सोबत कॉलेजची पोरं, हे १९९० मध्ये घरोघर फिरले. १ मे ला एका माळावर लाखांवर लोक जमले आणि ज्यांचा मुलगा, भाऊ गेलाय त्यांनी उभं राहून रक्त माफ केलं. देवाच्या नावाने नाही, नास्तिक म्हणूनही नाही, तर लोकांच्या, तरुणांच्या आणि झेंड्याच्या नावाने. झेंडाही काही भोळा नसतो म्हणा, आठ वर्षांनी तिथेच युद्ध पेटलं.

आता हा शेवटचा शॉट, थेथ गाव. हा दगडी बुरूज बदल्याच्या भीतीने लपणाऱ्यांसाठी बांधलेला, खिडक्या हाताएवढ्या. आज तिकीट काढून आत जाता येतं. पर्यटक त्या खिडकीतून बाहेरचा फोटो काढतात आणि जीपमध्ये बसून श्कोडरला जेवायला उतरतात, तिथे काही घरांचे पडदे अजून दिवसाही ओढलेले असतात.