दोन स्क्रीनमधलं वीतभर अंतर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'टेबलावरचा पीसी आणि मेनफ्रेमवरचा डेटाबेस'. समोर अंधेरीतल्या सीप्झ निर्यातक्षेत्राच्या दिवसांतले बरेच चेहरे दिसताहेत, तेव्हा मेनफ्रेम म्हणजे सगळ्यांचं काम सांभाळणारा मोठा मध्यवर्ती कॉम्प्युटर, कोबॉल ही त्यावरची प्रोग्रामिंगची भाषा आणि डीबी-टू हा त्यावरचा डेटाबेस, याहून जास्त सांगत बसत नाही. जोडणीचे मार्ग सांगणारच आहे. त्याआधी एका टेबलाची गोष्ट सांगते, नाहीतर ते मार्ग पटायचे नाहीत.

१९९५ साली अंधेरीहून मी अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालय-समूहाच्या कामावर गेले. रुग्णालयं अनेक, मेनफ्रेम एक. मला बसवलं बिलिंगमध्ये, पन्नाशीच्या एका बाईंशेजारी. त्यांच्या टेबलावर दोन स्क्रीन होते. डावीकडे मेनफ्रेमला जोडलेलं जुनं ३२७० टर्मिनल, हिरव्या अक्षरांच्या २४ ओळी, ओळीत ८० अक्षरं. उजवीकडे नवा कोरा पीसी, त्यात एक्सेल. मध्ये वीतभर अंतर. बाई डावीकडचा आकडा पॅडवर लिहायच्या, एफ-एट दाबून पुढचं पान आणायच्या, पॅड भरलं की उजवीकडे वळून सगळं पुन्हा टाइप करायच्या. दर सोमवारी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत. म्हणजे मेनफ्रेम आणि पीसी यांना जोडणारी वायर त्या स्वतःच होत्या.

'ईडीपीकडून रिपोर्ट का मागत नाही?' मी विचारलं. ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर खातं. मागितला होता. अर्ज दिल्यावर तीन आठवड्यांनी हिरव्या पट्ट्यांच्या कागदाचा गठ्ठा आला. तोही टाइपच करायचा होता. याचा मला आजही राग येतो. आकडे त्या बाईंच्याच खात्यातून मशीनमध्ये गेलेले, आणि परत मागताना त्यांनी रांगेत उभं राहायचं!

आम्ही म्हटलं, रोज रात्री फाईल उतरवून देऊ. उतरवली. नावं झकास आली, पण रकमांच्या जागी कचरा. बाईंनी आपलं पॅड शेजारी ठेवलं, पेन्सिलीने एकेक ओळ ताडून पाहिली आणि मला म्हणाल्या, 'चांदणी (*) बघ. जी रक्कम ५ वर संपते तिच्याच शेवटी येते. आणि परत द्यायची रक्कम ५ वर संपत असेल तर तिथे उजवा कंस येतो.'

कोबॉलवाल्यांनो, लागली ना ट्यूब? मेनफ्रेमवर रक्कम पॅक्ड डेसिमलमध्ये असते, एका बाइटमध्ये दोन आकडे, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह, जमेला सी, वजाला डी. १२३.४५ म्हणजे तीन बाइट, १२, ३४, ५सी. मेनफ्रेमची लिपी, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला कोड ते ठरवणारी पद्धत, एबसिडिक, पीसीची आस्की. आमच्या प्रोग्रामने अख्ख्या फाईलचं सरसकट लिप्यंतर केलं होतं, आणि एबसिडिकमध्ये ५सी म्हणजे चांदणी, ५डी म्हणजे उजवा कंस! मेनफ्रेमवरच पॅक्ड रकमा साध्या आकड्यांत उलगडून मग फाईल पाठवली, सुटलं. पण खूण सापडली ती पॅडवरून, आमच्या मॅन्युअलमधून नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट तारखेची. फाईलमध्ये 'डिस्चार्जची तारीख' असा एकच रकाना होता. आम्ही त्यावरून किती बेड भरलेले आहेत ते काढलं. बाई म्हणाल्या, ही तारीख बिल बंद झालं की पडते, पेशंट त्याआधीच घरी गेलेला असतो. रिकामा बेड आमच्या हिशेबात भरलेला! तसंच नवजात बाळांचं. आपल्याकडे 'बेबी ऑफ सुनीता' लिहितात, तिथेही बाळ आईच्याच नंबरखाली होतं, मोजताना दोघं मिळून एक. हे कुठल्याही प्रोग्राममध्ये लिहिलेलं नव्हतं.

माझं म्हणणं आहे ते एवढंच, आणि त्यासाठीच आज उभी राहिले. जोडणीच्या कामात पहिला माणूस टेबलापाशी बसलेला घ्या. रकान्याचा अर्थ त्याच्याकडून लिहून घ्या, वायर नंतर टाका.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मार्ग भराभर सांगते.

पहिला, पीसीलाच टर्मिनल बनवायचं. पीसीत बसवायच्या १९८२च्या इर्मा कार्डापासून हे होत आलं. त्याच हिरव्या स्क्रीनवरून आकडे उचलणारे प्रोग्रामही निघाले, पण मेनफ्रेमवाल्याने एखादी ओळ खाली सरकवली की ते कोसळतात. दुसरा, फाईल उतरवणं. चालतं, पण दुपारपर्यंत शिळं होतं, आणि प्रत्येकाच्या पीसीवर वेगळी प्रत साठते. तिसरा, थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. १९९२ साली ओडीबीसी, म्हणजे वेगवेगळ्या डेटाबेसांशी बोलायचा सामाईक दुवा, आलं आणि एक्सेलमधून डीबी-टूला विचारणं हळूहळू आवाक्यात आलं. मी याच बाजूची आहे, पण तीन अटींवर.

डेटाबेसमधलं मूळ टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, उघडं टाकू नका, व्ह्यू द्या, म्हणजे त्यातले निवडक रकानेच दिसतील असं, वाचण्यापुरता, आणि नाव किंवा निदान लागत नसेल तर ते त्यात ठेवू नका. क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, वेळेची मर्यादा घाला, कारण चुकून जोडलेली दोन मोठी टेबलं नोंदणीची खिडकी थांबवू शकतात, आणि त्या खिडकीसमोर आजारी माणूस उभा असतो. आणि रकान्यांची नावं वापरणाऱ्याच्या भाषेत ठेवा. आमच्या व्ह्यूमध्ये शेवटी दोन तारखा आल्या, 'बेड सोडला' आणि 'बिल बंद'. पहिली नर्सिंगच्या नोंदीतून घ्यावी लागली. दोन्ही नावं त्या बाईंनी दिली.