सुट्टीचा वार

(दृश्य: मालेगाव. यंत्रमागांची गल्ली, सकाळ. दारांना कुलपं.)

शुक्रवार. मालेगावच्या या गल्लीत एरवी बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. आज पलीकडच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येते. इथले माग शुक्रवारी बंद असतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत सुट्टीचा वार गुरुवार, कारण तिथे वीज कंपनीने भार वाटून देताना तो दिवस त्या भागाच्या वाट्याला आला. पुण्याचा लक्ष्मी रस्ता वर्षानुवर्षं सोमवारी बंद राहायचा. आणि मुंबईच्या गिरण्यांचा वार होता रविवार.

वार गावागणिक वेगळा. पण हा दिवस मागून, भांडून, शेवटी कायद्यात लिहून घ्यावा लागला. त्याची सुरुवात मुंबईत झाली.

(दृश्य: लालबाग-परळ. गिरणीची चिमणी, मागे काचेचे मनोरे.)

चिमण्या आता मोजक्याच उरल्यात, म्हणून कॅमेरा या एकीवर जरा जास्तच रेंगाळतोय. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत या बेटावर गिरण्यांची रांगच लागली आणि कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली.

(दृश्य: बंद गिरणीच्या आतलं खातं. छताखालचा लांब शाफ्ट, त्यावर गंजलेल्या पुल्या.)

हा शाफ्ट नीट पाहा. गिरणीत वाफेचं एकच मोठं इंजिन असायचं. त्याच्यावर असे शाफ्ट फिरायचे आणि शाफ्टवरून पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत यायचे. इंजिन चालू तर सगळं खातं चालू. एखाद्याला दम लागला म्हणून त्याचं यंत्र थोडं हळू चालेल, अशी सोय त्यात नव्हती. थांबायचं तर सगळ्यांनी एकदम, नाहीतर कुणीच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दुकानांच्या वेळी लागेल.

काम किती वेळ चालायचं? उजेड असेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर काम तेरा-चौदा तास. हिवाळ्यात कमी. तास ठरवायचा तो सूर्याने. आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. सणावारी गिरणी बंद राहायची, आणि जो रविवार मोकळा मिळायचा त्यातही यंत्रं पुसायला बोलावणं यायचं.

पहिला फॅक्टरी कायदा १८८१ साली आला. त्यामागे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या मुंबईकरांची कळकळ होती, आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडवाल्यांचा स्वार्थही होता. मुंबईची गिरणी स्वस्तात चालते हे त्यांना खुपत होतं. त्यामुळे इथल्या बहुतेक राष्ट्रवादी पत्रांनी कायद्याला विरोध केला. देशी उद्योग मारायचा हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण खात्यात उभ्या असलेल्या पोराला लँकेशायरशी काय देणंघेणं? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या, हे त्या कायद्यात मुख्य होतं. तेही शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरतं. मोठ्यांच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल काहीच नाही.

(दृश्य: नारायण मेघाजी लोखंडे यांचं चित्र असलेलं टपाल तिकीट, जवळून.)

नारायण मेघाजी लोखंडे. टपाल खात्याने हे तिकीट २००५ साली काढलं. त्याआधी मुंबईतल्या किती जणांना हा माणूस माहीत होता, कोण जाणे. जन्म १८४८ चा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे खात्यात काय चालतं ते रोज डोळ्यांनी बघत होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधू’ हे पत्र मुंबईतून चालवायला घेतलं.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारला अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या वाचल्या तर आज हसू येईल, इतक्या त्या साध्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर अपघात झाला तर भरपाई. यातलं एकही मागणं पगारवाढीचं नाही. माणसं वेळ मागत होती.

रविवारच का? रविवार खंडोबाचा वार, हा लोखंड्यांचा युक्तिवाद म्हणून आजही सांगितला जातो. साहेबाचं चर्च आणि आपली जेजुरी एकाच दिवशी आली, तर अडवणार कोण?

(दृश्य: महालक्ष्मी रेसकोर्स. गवत, दूर रेलिंग.)

रेसकोर्स आपण पाहतोय ते आजचं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास गिरणी कामगार जमले. त्या सभेत दोन बायाही बोलल्या. १८९० साल आहे हे, विसरू नका. सभेनंतर मागणी गिरणी मालकांच्या संघटनेकडे गेली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली.

मालक तयार कसे झाले? दडपण होतंच. पण एका गिरणीने एकटीने रविवारी इंजिन बंद ठेवलं असतं, तर शेजारची पुढे गेली असती. सगळ्याच बंद राहिल्या तर कुणाचंच काही जात नाही. पुढच्या वर्षी, १८९१ च्या दुरुस्तीने आठवड्याची सुट्टी कायद्यात आली. दुपारची अर्ध्या तासाची विश्रांतीही आली आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली. पुरुषांच्या तासांना हात लावला नाही.

(दृश्य: रात्र. गिरणीच्या जुन्या खिडक्यांवर पडलेला रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड.)

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची सत्ता संपली. १९०५ च्या तेजीत मुंबईच्या गिरण्या पंधरा-पंधरा तास चालल्या. दिवा लागला म्हणजे माणसाची सोय झाली, असं आपण धरून चालतो. इथे त्याच दिव्याने दिवस लांबवला. १९११ साली कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. १९२२ ला आठवड्याचे साठ तास. १९३४ ला चोपन्न. १९४६ ला अठ्ठेचाळीस. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने तेच कायम केले: दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर. सुट्टीचा दिवस बदलला तरी दहाहून जास्त दिवस सलग काम नको.

सह्यांच्या त्या अर्जापासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत बासष्ट वर्षं लागली.

(दृश्य: मालेगाव, शनिवार. माग सुरू. इथे निवेदन नाही, आवाज यंत्रांचाच. मग कामगाराचे हात, तुटलेला धागा सांधताना.)

हा कामगार एकाच वेळी सहा माग बघतोय. पाळी बारा तासांची. मजुरी विणलेल्या कापडावर, म्हणजे माग थांबला की मजुरीही थांबली. २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा फॅक्टरी कायदा आठवड्याची सुट्टी द्या म्हणायचा. त्या दिवसाचा पगार द्या, असं त्या कलमात नव्हतं. महिन्याच्या पगारदाराला हा फरक कधी जाणवत नाही. इथे शुक्रवार म्हणजे एक दिवसाची कमाई कमी. तरी शुक्रवार नको, असं या गल्लीत कॅमेऱ्यासमोर कुणी म्हणालं नाही. बारा तास गुणिले सहा दिवस, बहात्तर तास होतात. कायद्यातला अठ्ठेचाळीसचा आकडा इथल्या भिंतीवर कुठे टांगलेला दिसला नाही. पाठ, कान, डोळे यांचं काय होतं, ते तुम्ही बघताच आहात.

(दृश्य: पुणे, लक्ष्मी रस्ता. संध्याकाळ. शटर, पाट्या, गर्दी.)

आता बाजार. दुकानातल्या नोकरांसाठी देशातला पहिला कायदा १९३९ साली मुंबई प्रांतात झाला. त्याच्या जागी १९४८ चा आला, तोच आपला गुमास्ता कायदा. दुकानाच्या आत चौकटीत लावलेलं गुमास्ता लायसन आठवत असेल. त्या कायद्याने दुकान किती वाजता उघडायचं, किती वाजता बंद करायचं, हे ठरवलं होतं. मूळ कायद्यात बंद करायची वेळ रात्री साडेआठ. आत आलेल्या गिऱ्हाइकाला पुढची पंधरा मिनिटं द्यायची मुभा. आणि आठवड्यातला एक दिवस दुकान पूर्ण बंद. तो वार मालकाने आधी कळवायचा आणि वाटेल तेव्हा बदलायचा नाही.

नोकरदार गिऱ्हाईक रविवारी खरेदीला निघतं, म्हणून या रस्त्याने सोमवार धरला. गिरणीतल्या शाफ्टचंच तत्त्व. सोमवारी शेजाऱ्याचंही शटर खाली, त्यामुळे गिऱ्हाईक गेल्याची धाकधूक नाही. ज्याला साडी घ्यायची तो मंगळवारी येईल. दोन नोकरांच्या दुकानदारालाही सुट्टी मिळायची, त्या नोकरांनाही. शॉप इन्स्पेक्टरला रजिस्टर उघडायचीही गरज नव्हती. रस्त्यावरून चालत गेलं की कोण कायदा पाळतो ते दिसायचं.

जाचही होताच. इन्स्पेक्टरच्या फेऱ्या, त्यांची ‘समजूत’, वेळेच्या पाच मिनिटांवरून दंड. व्यापारी वैतागले ते उगाच नाही. मॉल आले, मोबाइलवरची खरेदी आली. ती दुकानं सोमवारी बंद होत नाहीत.

(दृश्य: मॉलचं मागचं दार. रात्र. कर्मचारी बाहेर पडताहेत. आत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती, हे रस्त्यावरून टिपलेलं.)

महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. डिसेंबर २०१७ पासून लागू. त्याने दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी वेगळी केली. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवा. कामगाराला मात्र आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी द्या, दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, जादा वेळेला दुप्पट दर. बायकांच्या रात्रपाळीला संमती हवी, सुरक्षेची आणि घरी पोचवण्याची सोय हवी. रोजगार वाढेल, असं सरकार म्हणालं. मोठ्या दुकानांना हे सोयीचं आहे. चाळीस माणसं असली की पाळ्या लावता येतात, सुट्ट्या फिरवता येतात. या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलीची सुट्टी बुधवारी, तिच्या मैत्रिणीची शुक्रवारी.

कागदावर यात खोट काढता येत नाही. पण शटर खाली असलं की सुट्टी रस्त्यावरून दिसायची. आता ती हजेरीच्या रजिस्टरमध्ये आहे, आणि ते रजिस्टर मालकाकडे. तपासणीही आता संगणकाने काढलेल्या यादीवर चालते.

आणि हे सगळं २०१७ च्या कायद्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे होतं. दहाच्या खाली दुकानदाराने ऑनलाइन सूचना दिली की व्हायचं. तासांची आणि सुट्टीची ही कलमं त्याला लागू नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी बदलांना मान्यता दिली. दहाची अट वीसवर, दुकानांतला दिवस नऊऐवजी दहा तासांचा, कारखान्यांतला बारापर्यंत, आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा १४४ तास. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तसेच. बारा तास काम करा, चार दिवसांत आठवडा संपवा, तीन दिवस घरी राहा, हे गणित ऐकायला छान आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी ‘आता या’ असं म्हणणारा मालक आम्हाला चित्रीकरणात भेटला नाही.

(दृश्य: लक्ष्मी रस्ता, सोमवार. काही शटर खाली, काही उघडी. दुचाकीवरचे डिलिव्हरीवाले.)

हा सोमवार आहे. खाली ओढलेली ही शटर आता कायद्याने खाली नाहीत. काही दुकानदारांनी जुनी सवय ठेवली आहे. काही ठिकाणी व्यापारी संघटना आपसात वार ठरवतात. पण असा ठराव न पाळणाऱ्याला संघटना फार तर दोन शब्द सुनावू शकते. या साडीच्या दुकानात तीन माणसं काम करतात. मालकाने अजून सोमवार सोडलेला नाही. शेजारच्याने मागच्या दिवाळीपासून सोडला, आणि आज दुपारी दोन वाजता त्याच्याकडे चार गिऱ्हाइकं आहेत.