मागे सरायला जागा नसलेली खोली

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग म्हटलं की सूर्यफुलं. ती आज बाजूला ठेवू. मला बोलायचंय न्यूनेनबद्दल, तिथे त्याने काढलेल्या विणकरांच्या चित्रांबद्दल. हॉलंडच्या दक्षिणेचं, ब्राबांटमधलं हे खेडं. वडील तिथे धर्मगुरू. 1883 च्या डिसेंबरात तिशीचा व्हिन्सेंट आईवडिलांकडे परतला आणि पुढचे कितीतरी महिने विणकरांच्या घरांत जाऊन बसला. कधी पेन, कधी जलरंग, मग तैलरंग.

भाऊ थिओला तो लिहितो, की या खोल्या इतक्या लहान, की माग कागदावर घ्यायला पुरेसं लांब जाताच येत नाही; पुष्कळांचे प्रयत्न त्यामुळेच फसत असावेत. हे वाचलं आणि मला आजोबांची खोली आठवली.

तुम्हा सोलापूरकरांना माग काय सांगायचा! पूर्व भागात आमची एकच खोली. अर्ध्यात खड्डा माग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग, उरलेल्यात चूल, मांडणी आणि आम्ही सात जण. कलाशाळेत असताना सुट्टीत आजोबांचं चित्र काढायला उभा राहिलो. अख्खा माग दिसावा म्हणून एक पाऊल मागे सरलो, आणखी एक सरलो, आणि पाठ मांडणीला. डबे खाली. आजी म्हणाली, "अरे, मागे कुठं निघालास? माग इकडं आहे. आत ये." (बरोबर, तुम्हीही हसलात. आजोबाही हसले होते, पण हात थांबला नव्हता.)

मग मी खांबाला टेकून बसलो. तिथून दिसले दोन खांब, आजोबांचं कोपर आणि धोटा, आडवं सूत घेऊन ये-जा करणारा. ओल्या रंगावर सुताला लावायच्या खळीचा थेंब उडाला. तेवढ्या जागी रंग आजही धरलेला नाही. सुट्टीनंतर शिक्षकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "प्रमाण चुकलंय. हे कच्चं काम, प्रदर्शनात नको." चाळीस वर्षं झाली, मला ते अजून पटलेलं नाही. लांबून बघायला जागाच नाही, हेच त्या खोलीचं प्रमाण होतं!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. जाहीर विषय होता, विणकरांच्या या अभ्यासचित्रांपासून 'बटाटे खाणारे' या व्हॅन गॉगच्या चित्रापर्यंतचा प्रवास. भराभर सांगतो.

थिओला तो एका जुन्या ओक लाकडाच्या मागाबद्दल लिहितो. त्यावर 1730 साल कोरलेलं. शेजारच्या छोट्या खिडकीपाशी उंच खुर्चीत तान्हं बाळ, तासन्‌तास धोट्याची ये-जा बघत बसलेलं. विणकर, माग, मूल, सगळं एका कोपऱ्यात. ही दाटी त्याचा हात इथे शिकला. जुलै 1884 च्या तैलचित्रात तीन खिडक्या आहेत. बाहेर पिवळसर हिरवळ, मागावर निळं कापड. रंग श्वास घेतात, पण खोली तेवढीच.

पुढच्या एप्रिल-मे महिन्यांत 'बटाटे खाणारे'. त्याआधी शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांचे, हातांचे ढीगभर अभ्यास. रंग त्याला हवा होता न सोललेल्या, मातकट बटाट्याचा. चेहऱ्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी म्हणतो, खोली बघा. तिचा अभ्यास विणकरांकडे आधीच झाला होता.

स्लाइड लावता का? हं. दिव्याखाली पाच माणसं. पुढे ती पाठमोरी मुलगी, तिच्याभोवती बटाट्यांची वाफ. ती आपल्या इतकी जवळ आहे, की आपली पाठ भिंतीला टेकलेली असणार.