टाचणीचा गंज

नमस्कार. पत्रिकेवर ‘विद्यापीठांची दप्तरं आणि इतिहास-संशोधन’ असा भारदस्त विषय छापलाय. फोनवर मी म्हटलं होतं, टाचण्यांबद्दल बोलेन. संयोजकांना वाटलं, लाइनमध्ये खरखर आहे.

दप्तर म्हटलं की आपल्याला पाठीवरचं दप्तर आठवतं. विद्यापीठाचंही तसंच असतं. वरच्या कप्प्यात काय आहे ते आईला ठाऊक, तळाशी काय दडलंय ते फक्त पोराला. वरच्या कप्प्यात स्थापनेची सनद, कुलगुरूंची भाषणं, सिनेटची इतिवृत्तं. त्यांची सूची तयार असते, म्हणून आपण तिथेच घुटमळतो. तळाशी आवक-जावक रजिस्टरं, डेड स्टॉकच्या वह्या, फी-माफीचे अर्ज, वसतिगृहातल्या दंडाच्या नोंदी. त्या मागितल्या की समोरचा माणूस आधी तुमच्याकडे बघतो आणि मग घड्याळाकडे.

मी एका प्राध्यापकांच्या मागावर होतो. कुठलं विद्यापीठ ते विचारू नका, मला तिथे परत जायचंय. इतिवृत्तात त्यांच्यावर एकच ओळ होती: प्रकृतीच्या कारणास्तव दिलेला राजीनामा खेदपूर्वक मंजूर. ‘खेदपूर्वक’ दिसलं की मी खुर्ची पुढे ओढतो. त्यांची फाईल मागितली, तर आली ‘राजीनामे’ नावाची जाडजूड फाईल. कोणा उत्साही अधिकाऱ्याने कधीतरी सगळ्या विभागांच्या फायली उसवून कागद विषयवार लावले होते. राजीनामे एकीकडे, रजा दुसरीकडे, तक्रारी तिसरीकडे. काम इतकं देखणं की रडू यावं! घरातल्या फोटोंचे अल्बम फाडून सगळ्या मिशा एका पानावर चिकटवल्यासारखं. आता कुठली मिशी कोणत्या काकांची, ते शोधा.

तर राजीनामा हातात आला. चार ओळी, खाली सही. डाव्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं आणि त्यांच्यामध्ये गंजाची तपकिरी रेघ. टाचणी गेलेली, सावली राहिलेली. म्हणजे या कागदाला काहीतरी टाचलेलं होतं, आणि तेही बरीच वर्षं. एका रात्रीत गंज चढत नाही.

आवक रजिस्टर मागवलं. आठ दिवसांत याच गृहस्थांच्या नावावर तीन नोंदी. विषयाच्या रकान्यात पहिल्यांदा ‘प्रयोगशाळेची किल्ली’, मग ‘किल्लीबाबत स्मरणपत्र’, मग ‘राजीनामा, सोबत बिल’. बिल? प्रकृतीच्या कारणाला बिल जोडायचं तर ते डॉक्टरचं असणार, म्हणून मी दोन दिवस वैद्यकीय खर्चाच्या फायली चाळल्या. व्यर्थ. शेवटी ते सापडलं ‘इमारत दुरुस्ती’त. सुताराचं बिल. प्रयोगशाळेचं कुलूप बदलल्याचं, आणि वर शेरा: रक्कम प्राध्यापकांच्या पगारातून वळती करावी. तिथल्या अभिलेखपाल बाईंनी दोन्ही कागद एकावर एक धरले. भोकाला भोक जुळलं, रेघेला रेघ. आम्ही दोघं वाचनकक्षात मोठ्याने हसलो आणि त्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. प्रकृती ठणठणीत असावी. निदान हात तरी ठणठणीत होता, टाचणी अगदी सरळ मारली होती.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. अजून मूळ विषयाला हातच घातलेला नाही. बरं, भराभर सांगतो.

कागद ज्या क्रमाने साठले, तो क्रम हाही पुरावाच असतो. फ्रान्समध्ये १८४१ सालच्या सरकारी परिपत्रकाने एका संस्थेचे कागद दुसरीच्या कागदांत मिसळू नका असं सांगितलं. १८९८ मध्ये तिघा डच अभिलेखपालांनी आपल्या नियमपुस्तकात कार्यालयातला मूळ क्रमही राखायला सांगितलं. माझा तो उत्साही अधिकारी या दोन्हींच्या नंतरचा! म्हणून सूची उघडली की ‘विषय काय’ याच्या आधी ‘हे कोणाच्या टेबलावर जमलं’ ते विचारा.

दुसरं, व्यवहाराचे कागद. अमेरिकेत मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ मध्ये २७२ गुलाम माणसं विकली आणि त्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन या त्यांच्याच कॉलेजच्या कर्जफेडीत गेला. विक्रीच्या करारात त्या माणसांची नावं आहेत, वयं आहेत. विकणाऱ्यांना माल मोजायचा होता. आज वंशज त्याच नावांवरून आपले पूर्वज शोधतात.

तिसरं, जे नोंदवहीत नाही ते. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर आणि त्यांत पहिला तो सीनियर रँग्लर. हा शब्द आपल्याकडे परांजप्यांमुळे घरोघर गेला, ते १८९९ चे सीनियर रँग्लर. त्याआधी नऊ वर्षं फिलिपा फॉसेट यांचं नाव केंब्रिजच्या निकालात ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं लागलं होतं. पदवी मात्र नाही! बायकांना केंब्रिजने पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. तुम्ही नुसतं पदवीधरांचं रजिस्टर उघडलंत तर या बाई तिथे कधी नव्हत्याच. निकालाची यादी शेजारी ठेवावी लागते.

स्कॅनबद्दल बोलायचं होतं. पाठची कोरी बाजू ‘कोरी’ म्हणून कोणी स्कॅन करत नाही, आणि शेरे नेमके तिथेच असतात. पण ते राहू दे.

पेन बाहेर ठेवा, पेन्सिल न्या. आणि फोटो काढण्याआधी फाईलच्या मुखपृष्ठाचा फोटो काढा. त्या सुताराच्या बिलाचा संदर्भ-क्रमांक मी आनंदाच्या भरात टिपलाच नव्हता. लेख छापायला गेला तेव्हा संपादकांनी तो मागितला. परत गेलो, तर ‘इमारत दुरुस्ती’ची फाईल बांधणीला गेलेली. सात महिने वाट पाहिली. हो, हो, संपवतो.