आमदारांनी टाकलं ‘विधेयक मंजूर’, मग ऑफिसात का चालत नाही?

नमस्कार मंडळी. अधिवेशन संपलं की आमदारांचे व्हिडिओ येतात आणि पाठोपाठ आपल्या कमेंटमध्ये तोच प्रश्न. ‘आमदार म्हणतात विधेयक मंजूर, तहसीलमधले म्हणतात आमच्याकडे काहीच आलेलं नाही. खोटं कोण बोलतंय?’ बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, टप्पा वेगळा असतो. आज तेवढंच बघू.

विधेयक मांडलं, चर्चा झाली, कलमवार मतदान झालं, 288 जणांच्या विधानसभेतून 78 जणांच्या परिषदेत गेलं किंवा उलट. हे शाळेत झालंय, पुढे चला.

घोडं अडतं ते यानंतर. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेलं विधेयक राज्यपालांकडे जातं. घटनेच्या कलम 200 प्रमाणे ते संमती देतात, साधं (म्हणजे धन विधेयक नसलेलं) विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. राज्याचं विधेयक केंद्राच्या कायद्यात बदल करत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते आणि तिथे वेळ जातो.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला कायदाच घ्या. जातपंचायतीनं कुटुंबाला वाळीत टाकलं तर शिक्षा देणारा. विधिमंडळानं तो एप्रिल 2016 मध्ये मंजूर केला. अंमलात आला 3 जुलै 2017 ला. कायद्याच्या नावात आजही 2016 आहे, म्हणून लोक धरून चालतात की तेव्हापासूनच लागू. मधल्या सव्वा वर्षात एखाद्याला वाळीत टाकलं असेल, तर त्या कृत्याला या कायद्याची शिक्षा लावता येत नाही. फौजदारी कायदा मागच्या तारखेनं लागू होत नाही.

दुसरं उदाहरण शक्ती विधेयकाचं, म्हणजे महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणाऱ्या विधेयकाचं. डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, राष्ट्रपतींकडे गेलं, पण कायदा झालाच नाही. तरी आपल्याच कमेंटमध्ये कोणीतरी एखाद्या ताईंना सल्ला देतं, ‘शक्ती कायद्याखाली तक्रार करा’. कृपा करून असं लिहू नका. ती बाई पोलीस ठाण्यात जाऊन नसलेल्या कायद्याचं नाव घेते आणि तिचा वेळ तिथेच जातो. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. तिनं फक्त घडलेला प्रकार तारीखवार सांगायचा, कलम लावणं पोलिसांचं काम आहे.

आता हेच दुसऱ्या बाजूनं. समजा संमती मिळाली, राजपत्रात, म्हणजे शासनाच्या अधिकृत प्रकाशनात, छापूनही आलं. मराठी अधिनियम, म्हणजे संमती मिळालेले कायदे, राजपत्राच्या भाग चारमध्ये असतात. विधेयकं भाग पाचमध्ये. स्क्रीनशॉटवर भाग पाच दिसला तर ते अजून विधेयकच आहे, पुढे पाठवू नका. अधिनियम सापडला की आधी कलम 1 वाचा. नावाखालीच अंमलाचं वाक्य असतं. ‘तात्काळ अंमलात येईल’ असेल तर प्रश्न मिटला. पण ‘राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास’ असं असेल, तर ती वेगळी अधिसूचना शोधायची. ती निघेपर्यंत कायदा आहे, पण लागू नाही. आणि तारखेचा उल्लेखच नसेल, तर संमती राजपत्रात प्रसिद्ध झाली तो दिवस.

तिसऱ्या बाजूनं, म्हणजे तुम्ही खिडकीपाशी उभे आहात तिथून. कायदा लागू झालाय, तरी कारकून म्हणतो अर्जच नाही. कलमात ‘विहित नमुन्यात’, ‘विहित शुल्क’ असे शब्द आहेत का बघा. त्याचा अर्थ नमुना आणि फी नियमांमध्ये येणार. नियम निघाले नसतील तर त्याच्याकडे खरंच अर्ज नसतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. आमदारांना विचारायचा खरा प्रश्न इथे आहे : साहेब, नियम कधी निघणार? तारांकित प्रश्नातून, म्हणजे ज्याचं तोंडी उत्तर मागितलं जातं त्या प्रश्नातून, हे सभागृहात विचारता येतं आणि मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं.

एका कमेंटमध्ये ‘लाडकी बहीण कायदा’ असं वाचलं. तो कायदा नाही, योजना आहे. 28 जून 2024 च्या शासन निर्णयानं (जीआर) सुरू झालेली. शासन निर्णय सभागृहात मंजूर व्हावा लागत नाही, आणि नवा जीआर काढून अटी बदलताही येतात. जीआरवर लांबलचक संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. या जीआरचा संकेतांक 20240628 नं सुरू होतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या जीआरची तारीख आणि हे आकडे जुळत नसतील तर तो शासनाच्या संकेतस्थळावर शोधा, मगच विश्वास ठेवा.

आता आमदारांच्या अपडेटमध्ये दिसणारे कार्यक्रम. भूमिपूजनाचा फोटो आला की ‘रस्ता मंजूर’ म्हणून अभिनंदन सुरू होतं. आमदार निधीतलं काम आमदार सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. मग तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. नारळ यातल्या कुठल्याही टप्प्यावर फुटू शकतो. म्हणून विचारा ते कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि काम पूर्ण करायची मुदत.

जनता दरबाराचंही तसंच. दाखल्यासाठीचा अर्ज नुसता आमदारांच्या हातात दिला तर मुदत मोजायला सुरुवात होत नाही. ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतूमध्ये अर्ज भरा, पोच घ्या, तिच्यावर अर्ज क्रमांक आहे ना ते तिथेच बघा. त्या पोचेची झेरॉक्स घेऊन दरबारात जा. सेवा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित असेल तर ठरलेल्या दिवसांत ती द्यावीच लागते. नाही मिळाली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील, तेही त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. सबळ कारण नसताना उशीर केल्याचं ठरलं, तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. 30 दिवस उलटले तर उशिराचं कारण लेखी द्यावं लागतं, आणि लोक नेमके इथेच अडकतात. दरबारात ‘बघतो’ म्हटलं म्हणून थांबतात आणि अपिलाची मुदत निघून जाते.

तुमच्या आमदारांच्या अपडेटबद्दल शंका असेल तर कमेंटमध्ये विधेयकाचा क्रमांक आणि वर्ष टाका. नुसत्या बॅनरच्या फोटोवरून ते कुठवर पोचलंय हे शोधता येत नाही. क्रमांक असेल तर पुढच्या व्हिडिओत एकेक करून बघू.